काचा वर करून बोलायची भाषा

माझ्या आजोबांनी जपानमधल्या त्सुकुबात चाळीस वर्षं गाडी चालवली आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही. इथे कोणीच वाजवत नाही. तरुणपणी ते कोल्हापूरहून इथल्या एका संशोधन संस्थेत आले, जपानी मुलीशी लग्न केलं आणि पुढे नागरिकत्वही घेतलं. घरात ते जपानीच बोलत, तेही इतकं अदबशीर की आजी म्हणायची, हा माणूस मांजरालासुद्धा अहो-जाहो करतो.

गाडीत मात्र मूळचा माणूस बाहेर यायचा. काचा वर करायच्या आणि पुढच्याला मराठीत झोडपायचं, असा त्यांचा शिरस्ता. सिग्नल हिरवा होऊनही कोणी हललं नाही की सुरू: "निघ की लेका, आता काय अक्षता टाकायच्या?" शेजारच्या गाडीतल्या बाईशी नजरानजर झालीच तर तेवढ्यापुरतं मान लववून हसायचे आणि पुन्हा पुढच्याचा उद्धार.

मला पियानोच्या क्लासला सोडायला तेच यायचे. मागच्या सीटवर बसून मी मराठी शिकले. आईला मराठी समजतं, पण ती उत्तर जपानीत देते. मी तशी नाही. मला मराठीत भांडता येतं, आणि भाषा आपली झाली की नाही ते भांडतानाच कळतं, असं माझं ठाम मत आहे. आजी गेल्यावर, मी नोकरीला लागल्यावरही, दर रविवारी आम्ही दोघं बाजारात उगाच एक चक्कर मारून यायचो. आठवडाभरातलं त्यांचं सगळं मराठी त्या एका चकरेत व्हायचं.

मग एकदा कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या कोन्बिनीसमोर गाडी लावताना त्यांनी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी दुकानाच्या कठड्यावर आदळली. कोणाला लागलं नाही, पण आईने फर्मान काढलं की लायसन्स परत करायचं. त्यांना पटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडीचं मला काही नव्हतं. गाडी गेली तर हा माणूस मराठी कुठे बोलणार, हा माझा प्रश्न होता.

मी विषय काढला तर ते लगेच म्हणाले, "चल, देऊन येऊ. त्या कठड्याच्या जागी एखादं पोर असतं तर?"

पोलीस ठाण्यात त्यांनी लायसन्स दोन्ही हातांनी पुढे केलं, वाकून आभार मानले आणि बाहेर येऊन किल्ली माझ्या हातात ठेवली. स्वतःच्या गाडीत ते पहिल्यांदाच डाव्या सीटवर बसले. पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले.

"आजोबा, वाटेत काही खायचं का?" मी विचारलं.

"नको, धन्यवाद," ते म्हणाले. जपानीत. मांजराशी बोलायचे तसं. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

स्टेशनजवळ सिग्नल हिरवा झाला. पुढची पांढरी गाडी जागची हलेना. मी वाट पाहिली. आजोबा समोर बघत गप्प. शेवटी मीच म्हणाले, "निघ की लेका, आता काय अक्षता टाकायच्या?"

आजोबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"एवढ्या हळू? त्याला ऐकू तरी जाईल का?"

काचा बंदच होत्या, नेहमीसारख्या. मी पुन्हा म्हणाले, चांगलं ओरडून. "हां, असं," ते म्हणाले, आणि मग घर येईपर्यंत त्या पांढऱ्या गाडीपासून माझ्या ब्रेक दाबण्यापर्यंत त्यांनी कोणाचीच गय केली नाही.

त्यानंतर ते जाईपर्यंत दर रविवारी गाडी मी चालवली आणि बोलले ते.