अप्पांच्या पंचाहत्तरीचा डुगडुगता चौरंग

मंडळी, आज सोनगीरला अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पंचाहत्तरी झाली. मी नाटकांत कामं करतो, पण सुतारकामाचा नाद आम्हा दोघांचा. नव्वद साली माझ्या पहिल्या नाटकाचं सिंहासन आम्हीच केलं होतं. आता अप्पांचे हात थरथरतात म्हणून घरच्यांनी त्यांचा रंधा उचलून ठेवलाय.

औक्षणाला मी केलेला सागवानी चौरंग मांडला. अप्पा बसले आणि लगेच उठले. “एक पाय उंच शे.”

आई निरांजन घेऊन थांबली. मी अप्पांचा उचलून ठेवलेला रंधा काढून आणला आणि आम्ही दोघं अंगणात तो पाय तासत बसलो. चौरंग डुगडुगायचा थांबला, तेव्हाच अप्पांनी ओवाळून घेतलं.

मग माझ्या कानात म्हणाले, “पाय मुद्दाम उंच ठेवेल व्हता ना तू?”

इतकी वर्षं नाटकात काढली, तरी घरी पकडला जातो. तुमचंही असंच होतं का?