रविवारची पाळी

चाळीतल्या माणुसकीचं कौतुक करणारे लोक भेटले की माझं डोकं फिरतं. "काय ते दिवस होते, नाही?" असं ते म्हणतात, आणि म्हणणारा बहुतेक वेळा चाळीत एक दिवसही राहिलेला नसतो. माणुसकी होती, हे मला कुणी सांगायला नको. पण ती का दाखवावी लागली आणि पुढे आम्ही तिचं काय केलं, हे कुणी विचारत नाही. विचारलं नाही तरी मी सांगणार आहे.

गिरणी संपाचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते; संपामुळे आता घरीच होते. मी एकोणीस वर्षांची, घरात थोरली. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर शेवटची खोली आमची. एका दुपारी माळ्यावरची वायर जळाली आणि तासाभरात छप्पर, माळा, बिछाने, कपडे, सगळं गेलं. शेजारच्या खोलीच्या आणि आमच्या मधे फळ्यांची भिंत होती, तिलाही मोठं भगदाड पडलं. माणसं तेवढी वाचली. बंब आला तेव्हा चाळीने बादल्यांनीच आग विझवलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा माणूस आला. धीर द्यायला नव्हे, कुलूप घेऊन. "खोली राहण्यालायक नाही. सामान काढा. दुरुस्ती झाली की बोलावतो." बोलावतो! तळमजल्यावरच्या एका कुटुंबाला असंच बोलावणार होते. ते अजून गावी वाट बघत होतं आणि त्यांच्या खोलीत मालकाचं गोदाम झालं होतं.

आई गावी जायच्या गोष्टी करायला लागली. तेव्हा शेजारची मावशी भगदाडातूनच आत आली. ही मावशी एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. संपात निम्मे खाणारे गावी गेले होते आणि उरलेल्यांना ती नुसत्या आशेवर जेवू घालत होती. ती आईला म्हणाली, "गावाक गेल्यात तर खोली गेली म्हणान समजा. आत माणूस आणि पेटतो स्टो असलो तर कोण कुलूप लावता ता बघतंय मी."

पण जळक्या वासात, उघड्या आभाळाखाली आम्ही चौघं सारखी बसणार कशी? आईला तर धुराने खोकल्याची उबळ थांबेना. मग दुसऱ्या मजल्यावरचे जॉबर पुढे आले. गिरणीत आपल्या खात्यातल्या कामगारांना कामं वाटून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी काळ्या पडलेल्या भिंतीवर खडूने तीन पाळ्या लिहिल्या: सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. प्रत्येक पाळीला दोन माणसं. शिवडीच्या गोदामात हमाली करणाऱ्या एकाने ताडपत्री आणून वर बांधली आणि आमच्या जळक्या खोलीत गिरणी सुरू झाली.

हसू नका. माणसं खरंच डबा घेऊन दहा मिनिटं आधी यायची. पुढचा आल्याशिवाय मागचा उठायचा नाही, चालता साचा सोडून जातात का? एखादा आजारी पडला तर त्याची बदली करायला दोघं-तिघं दारात उभे असायचे. भोंगा बंद होता, म्हणून पाळी सुटताना जॉबर गॅलरीत थाळी वाजवायचे. ज्यांच्या घरी डाळीत रोज थोडं पाणी वाढत होतं, ते हे करत होते. ज्यांच्याकडे होतं, ते कुलूप घेऊन फिरत होते. आजही आठवलं की माझ्या तोंडात शिवी येते.

आणि एवढ्या शिस्तीत एक चूक झालीच. जॉबरांनी रविवारची पाळी लिहिलीच नव्हती. तीस वर्षं रविवारी गिरणीला सुट्टी. हात खडू घेऊन शनिवारी थांबला आणि एकाच्याही ते लक्षात आलं नाही. रविवारी सगळे दाढ्या करून बाजारात गेले. आम्ही समोरच्यांकडे आंघोळीला गेलो होतो. मालकाचा माणूस आला, खोली रिकामी बघून त्याने कुलूप ठोकलं आणि वर गॅलरीत विडी पेटवली.

आम्ही धावत आलो. आई कुलूप ओढून बघायला लागली. एवढ्यात आतून स्टोला पंप मारल्याचा आवाज आला. मावशी आपल्या खोलीतून भगदाडातून आत जाऊन बसली होती! थोड्या वेळाने खिडकीच्या गजातून कपबशी बाहेर आली.

"घे, चाय घे. माका कोंडून दमलो असशीत."

तोवर चाळ गोळा झाली होती. बाईमाणसाला कोंडलं म्हणून पोलीस बोलवा, असा गलका झाला. त्याने कुलूप काढलं. चहा मात्र घेतला नाही. जॉबरांनी मान खाली घालून भिंतीवर चौथी ओळ लिहिली: रविवारची पाळी.

खोली राहिली. पत्रे चढले. पुढे आम्ही मधली भिंत विटांची, पक्की बांधून घेतली. वडील गिरणीत परत गेले नाहीत, त्यांना घेतलंच नाही. दोन-तीन वर्षांनी त्यांना वॉचमनचं काम मिळालं, आमच्याच मालकाच्या दुसऱ्या इमारतीत.

त्याच सुमाराला मावशीची सासू गावी अंथरुणाला खिळली. जाताना मावशीने किल्ली आमच्याकडे दिली. "दिसातून एकदा स्टो पेटव गो, इतक्याच," असं मला म्हणाली. मी पेटवत होते. मग वडील म्हणाले, "मालकाच्या डोळ्यांवर येईल, नोकरी जाईल." मी पेटवणं सोडलं. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, मलाही भीती वाटली म्हणून. गरज सरो, वैद्य मरो. जॉबर तोवर गावी गेले होते, अर्धी चाळ गेली होती. मालकाचा माणूस आला, मावशीच्या कुलपावर आपलं कुलूप लावलं. आम्ही दारात उभे राहून बघितलं. आत शिरायला भगदाड नव्हतं, ते आम्हीच बुजवलं होतं.

मावशी महिन्याने आली, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. त्यातले निम्मे आमच्यासाठी होते. तिने दोन कुलपं बघितली, मग वडिलांकडे बघितलं.

"सुट्टी होती काय रे?"

कुलूप लागलं तो बुधवार होता.