तीन डबे आणि आक्काचा कान

रत्नमाला खरात पहिल्यांदा माझ्या दारात आली ती भांडायला. सिडकोतल्या त्या इमारतीत मी नुकतीच राहायला आले होते. मराठीत एमए झालं होतं, नोकरी नव्हती. एक स्वस्तातला स्पीकर लावून दिवसभर वाचत बसायचे. तिनं बेल वाजवली नाही, दारावर थाप मारली.

"तुझा स्पीकर फाटलाय," ती म्हणाली. "भिंतीतून फाटकी ढोलकी ऐकू राह्यले मी. नीट कर, नाय तर बंद कर."

मी म्हणाले, मला तर ठीक वाटतोय. ती तशीच आत आली. स्पीकरची जाळी काढली आणि आतल्या कागदावर बोट ठेवलं. कागदाला चीर गेली होती. मग मला हाताला धरून वरच्या मजल्यावर तिच्या घरी घेऊन गेली आणि दोन मोठ्या स्पीकरांसमोर खुर्चीत बसवलं. "आता ऐक," म्हणाली. तेव्हापासून ती माझी आक्का. वयानं माझ्या आईएवढी.

आक्काचे वडील रामकिसन यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात गावोगाव कार्यक्रम व्हायचे. आक्का लहानपणापासून कोरसात. ढोलकी सुरात लागली की नाही, हे वडील तिला विचारायचे. ती मान हलवेपर्यंत कार्यक्रम सुरू व्हायचा नाही. मोठ्या माणसांना तिष्ठत ठेवणारी पोर, असं तिचे यजमान कडुबाभाऊ आजही चिडवतात.

पुढं ती वाळूजच्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात लागली. तिथंही कामाला आला तो कानच. साच्यातून निघालेला लोखंडी भाग आकड्याला टांगायचा आणि छोट्या हातोडीनं टिचकी मारायची. भाग चांगला असेल तर घंटेसारखा वाजतो. आत तडा असेल तर बद्द आवाज येतो. तडा डोळ्यांना दिसत नाही. आक्काला तो ऐकू यायचा. साहेब लोक पाहुण्यांना तिच्या टेबलापाशी आणायचे आणि म्हणायचे, हे आमचं मीटर.

टेबलाशेजारीच नॉकआउट होतं. म्हणजे साच्यातली वाळू झाडणारी लोखंडी जाळी. ती सुरू असली की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. बाहेरचे तपासणीला आले की कामगारांना कानात घालायचे नारिंगी बोळे मिळायचे. संध्याकाळी ते परत जमा करून घ्यायचे. आक्का तेवढ्या दिवसापुरतेही घालत नसे. कानाचं काम कान बंद करून कसं करायचं, हा तिचा सवाल होता. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. टेबल दुसरीकडं हलवावं, असंही कुणाला सुचलं नाही.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडून माल परत आला. भागांत तडे होते. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी गोड आवाजात आक्काला पॅकिंगला बसायला सांगितलं, आता आराम करा म्हणाले. तिच्या जागी संस्कृती नावाची पोरगी आली, कंत्राटावरची. साहेब मागं काय बोलले ते तिनंच आक्काला सांगितलं. बाईचा कान गेला.

ते वाक्य आक्काच्या घशात अडकलं. भाजी निवडताना, जिना चढताना, टीव्ही बघताना ते वर यायचं. "माझा कान गेला म्हणतो. बिनतड्याचा माल ह्याच्या बापानं तरी ओतला होता का?"

असं वर्ष होत आलं तेव्हा तिनं नवा डॅक घ्यायचं ठरवलं. फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून अँप्लिफायरकडं पाठवणारा डबा म्हणजे डॅक. आक्काकडं तळहाताएवढा एक होता, ऑनलाइन मागवलेला. तो लॅपटॉपच्या वायरवरच चालायचा. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. पण तिला निवडायचं होतं. शेजारी शेजारी ठेवून, कानानं. ते का, हे तिनं सांगितलं नाही. मला कळत होतं.

इंद्रजीत पाटलांच्या घरी दर रविवारी ऐकायची बैठक भरते. वैजापूरला त्यांची कांद्याची आडत आहे. गारखेड्यातल्या घराच्या वरच्या खोलीत त्यांनी बारदानांत कापूस भरून त्या गाद्या भिंतींना ठोकल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. आक्का तिथं गेली काही वर्षं जाते. मला तीच घेऊन गेली.

पाटलांचा डॅक परदेशी, जड, दोन हातांनी उचलावा लागणारा. दुसरा पुण्यातल्या एका माणसानं घरी बनवलेला, अल्युमिनियमच्या पेटीतला, पाटलांनी आक्काला दाखवायला मागवलेला. तिसरा आक्काचा. त्या रविवारी पाटलांनी आपला लावला आणि वर्णन सुरू केलं. वरचे सूर रेशमी आहेत. गाण्याभोवती हवा आहे. मग पुण्याचा लावला आणि म्हणाले, हा खादी. आक्का म्हणाली, तिला दोन्हींत फरक वाटत नाही.

"आक्का, तुमचा जन्म गेला लोखंड बडवण्यात," पाटील हसत म्हणाले. "रेशीम कसं कळणार?"

ते चिडवणं होतं. दर रविवारी चालायचं. आक्काही त्यांना कांद्यावरून टोमणे मारायची. त्या दिवशी ती हसली नाही. उभी राहिली.

"डोळे झाका सगळे," ती म्हणाली. "आज बघूच कुणाला काय कळतं ते."

नियम तिनं सांगितले. एक हातोडी, एक हात, तरच दोन भाग ताडून बघता येतात. जो डबा जरा मोठ्यानं वाजतो तो माणसाला चांगला वाटतो, म्हणून आधी तिन्हींचा आवाज सारखा करायचा. शिकवणीत फिजिक्स शिकवणारा सुदर्शन बैठकीला यायचा; त्या दिवशी आम्ही चौघंच होतो. त्यानं स्पीकरच्या तारांना मीटर लावून आवाज सारखा केला. मग त्याला वायरी बदलायला टांगलेल्या चादरीमागं बसवलं. तो एक डबा वाजवणार, मग दुसरा, मग त्या दोन्हींतला कुठलातरी एक. तो पहिला वाटला तर हात वर, दुसरा वाटला तर हात मांडीवर. बोलायचं नाही. शेजाऱ्याकडं बघायचं नाही.

आधी पाटलांचा आणि पुण्याचा. बऱ्याच फेऱ्या झाल्या. सुदर्शननं निकाल सांगितला. कुणालाच काही ओळखता आलं नव्हतं. पाटलांना तर माझ्याहून कमी.

"सापडलं का रेशीम, पाटील?" आक्कानं विचारलं. तिचा चेहरा उजळला होता. कित्येक महिन्यांनी मी तिला तशी बघत होते. "आता माझा लावा. पुण्याच्या समोर माझा."

सुदर्शननं नुसत्या बासरीचं वादन लावलं. मी डोळे मिटले. पहिला डबा वाजला. दुसरा वाजला. दुसऱ्यात बासरीच्या मागं काहीतरी होतं. बारीक, सरळ, न हलणारं. डास कानाशी येऊन तसाच थांबावा, तसं. आक्काच्या घरी ते मी पंख्याचं समजत आले होते. तिसऱ्यांदा ते पुन्हा आलं. मी हात मांडीवर ठेवला. पुढच्या फेरीत ते नव्हतं. मी हात वर केला. ओळखायला काही लागतच नव्हतं.

निकाल ऐकून मी डोळे उघडले. पाटील, मी, आम्हा दोघांचं एकदाही चुकलं नव्हतं. आक्काचं निम्मं चुकलं होतं.

"ठरवून करू राह्यले तुम्ही," ती म्हणाली.

सुदर्शन चादरीमागून बाहेर आला. त्यानं काही सांगायच्या आत तिनं त्याला बाजूला सारलं. वायरी काढल्या, फिरवून लावल्या, मीटर पुन्हा बघितलं. त्याला परत आत बसवलं. यावेळी तिनं आमच्याकडं पाठ केली. निकाल तोच.

पाटील म्हणाले, राहू द्या आक्का, लहान डब्यात असतं असं कधी कधी. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू खोटं बोलायची नाय. ह्याच्यात काय ऐकू येऊ राह्यलं तुला?"

"शिट्टी," मी म्हणाले. "बारीक."

"कवा?"

"सारखीच. बासरी थांबली तरी."

"आत्ता?"

गाणं बंद होतं. आक्काचा डबा तेवढा सुरू होता.

"आत्ता पण," मी म्हणाले.

ती स्पीकरपाशी गेली. गुडघ्यांवर बसली. कान जाळीला लावला. आम्ही तिघं उभे होतो आणि खोलीभर ती शिट्टी वाजत होती. आक्का ऐकत राहिली. मग दुसरा कान लावला.

सुदर्शननं हळू आवाजात कारण सांगितलं. लॅपटॉपच्या वायरीतून वीज घेणाऱ्या काही डब्यांत अशी शिट्टी येते, तिचा सूर फार उंच असतो. मग त्यानं विचारलं, आक्का, आपण बघायचं का? ती उठली आणि बघायचं म्हणाली. त्यानं फोनवरून एक सूर सोडला, खालून वर चढत जाणारा. ऐकू येतो तोवर हात वर ठेवायचा. आता डोळे झाकायला कुणी सांगितलं नव्हतं. सूर चढत गेला. आक्काचा हात खाली आला. तिनं आमच्याकडं बघितलं. पाटलांचा हात वर होता, आणि ते तिच्याहून मोठे आहेत. माझा वर होता. मला तो खाली घ्यायचा होता. पण खोटं बोलायची नाय, असं ती म्हणाली होती. सूर अजून वाजत होता.

पाटलांनी पाणी पुढं केलं. तिनं पेल्याला हात मारला. पाणी जमिनीवर सांडलं. डबा वायरीसकट उपसून पर्समध्ये कोंबला आणि ती जिना उतरली.

मी स्कूटी चालवत होते. ती मागं बसली होती. क्रांती चौकाच्या सिग्नलला ती बोलायला लागली. ओरडायलाच लागली म्हणायचं. शेजारचा रिक्षावाला वळून बघत होता.

"साहेबाला माहीत होतं. माल परत आला तवाच कळलं त्याला. कान तपासायला न्यायचं सोडून मला पॅकिंगला बसवलं. आराम करा म्हणे. वर्षभर मी त्याला शिव्या दिल्या, तो खोटं बोलतो म्हणून. आन तो खरं बोलत होता!"

सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले.

घरी कडुबाभाऊ शेंगा सोलत बसले होते. आक्कानं चप्पल काढली नाही. डबा लॅपटॉपला लावला आणि नवऱ्यापुढं उभी राहिली.

"ह्याच्यात शिट्टी येती?"

कडुबाभाऊंनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"येती की," ते म्हणाले. "आणला तवापास्नं येती."

"मंग बोलला का नाय?"

"तू म्हणायची, कसा साफ आवाज आहे. मला वाटलं, तुझा कान मोठा. आपल्यालाच कळत नसंल."

ती त्यांच्यावर जे बरसली ते मी लिहीत नाही. एवढी वर्षं घरात शिट्टी वाजते, माणूस ती सोसतो आणि बायकोचा कान मोठा म्हणून गप्प बसतो. माहेरी येणाऱ्या तिच्या पोरीसुद्धा गप्प बसल्या असणार. कडुबाभाऊ शेंगा सोलत राहिले. शेवटी ती खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, पाटलाला फोन कर, पुण्याचा डबा मी घेणार आहे. मी विचारलं, खरंच घ्यायचा? ती म्हणाली, ह्या माणसाला तरी शिट्टीबिगर ऐकू दे. तेही तिनं रागानंच म्हटलं.

पुढचं मला संस्कृतीनं सांगितलं. ती पोरगी अजून घाबरलेली होती.

सोमवारी आक्का पॅकिंगवरून उठली आणि तिच्या जुन्या टेबलापाशी आली. नॉकआउट सुरू होतं. तिनं संस्कृतीच्या हातातली हातोडी काढून घेतली, पर्समधून कापसाचे बोळे काढले आणि कानात घाल म्हणून खूण केली. संस्कृतीनं खुणेनंच विचारलं, मग वाजवू कसं? आक्कानं मान हलवली. नाही वाजवायचं. ती स्वतः टेबलावर चढून बसली. भाग येत राहिले. टांगायचे आकडे भरले. मागं ढीग लागला.

साहेब आले. त्यांनी तिला खाली उतरायला सांगितलं असावं, त्यांचे ओठ तसे हलत होते. आक्कानं भिंतीकडं बोट केलं, मग टेबलाकडं, मग पुन्हा भिंतीकडं. हे टेबल भिंतीपलीकडं न्या, मधे दार लावा, एवढंच तिचं मागणं होतं. साहेबांनी आजूबाजूला बघितलं. कामगार जमायला लागले होते. ते तिच्या जवळ वाकले आणि कानापाशी काहीतरी बोलले. संस्कृती अगदी शेजारी होती, ओठांवरून तिला कळलं. ते म्हणाले, तुमच्या कानाचं आपण आत केबिनमध्ये बसून बोलू.

आक्कानं मागं हात नेला. तिथं भिंतीवर लाल बटण आहे, नॉकआउट बंद करायचं. तिनं ते दाबलं. जाळी हळूहळू थांबली. संस्कृती म्हणाली, तिथं इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती.

"आता बोला, साहेब," आक्का म्हणाली. "मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाय."