अकरावा दाणा

ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ तर नाहीच. ती आधी पोट धरून हसली असती आणि मग एकदम गप्प झाली असती, आणि तिच्या त्या गप्प होण्याची मला धास्ती आहे. तुम्हाला सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, मलाही येतं. फक्त मध्येच उठून जाऊ नका.

मी बुलढाण्यात एका ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. ‘सर्व मनुष्य मर्त्य आहेत’ हे वाक्य इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलोय, की आता खडू हातात घेतला की ते आपोआप उमटतं. मुलं ते उतरवून घेतात. त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसतं, की मनुष्याच्या मरण्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. वर्गात आपलं कुणी ऐकत नसलं की माणूस ऐकणारे दुसरीकडे शोधतो — नाही का? माझे ऐकणारे मला रविवारच्या बैठकीत मिळाले.

बैठक म्हणजे आम्ही अकरा जण. जागा एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात. रविवारी कोर्ट बंद, त्यामुळे त्यांच्या खुर्च्या आणि त्यांचा घसा, दोन्ही मोकळे. देव आहे का, काळ वाहतो की आपणच वाहतो, वस्तू आधी की शब्द आधी, सरकारनं माणसाच्या ताटात डोकवावं का — असले आमचे विषय. एकदा ‘मी आहे हे मला कशावरून कळतं’ यावर इतकी गरमागरमी झाली, की होमिओपॅथीचे डॉक्टर चप्पल न घालताच तरातरा बाहेर पडले. आपण आहोत याची खात्री त्यांना एप्रिलातल्या डांबरी रस्त्यावर लगेच पटली.

अध्यक्ष मी. कारण पदवी माझ्याकडे होती, आणि शुद्ध बोलणंही माझ्याकडेच होतं.

आता या शुद्ध बोलण्याबद्दलही सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी मूळचा याच जिल्ह्यातल्या सुलतानपूरचा. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये ‘मले भाजी नको’ म्हणालो आणि अख्खं टेबल हसलं. त्या दिवसापासून मी स्वतःचं बोलणं घासायला लागलो. इतकं घासलं, की दिवाळीत घरी आल्यावर आईनं विचारलं, “काऊन रे, असा रेडिओसारखा काऊन बोलून राह्यला?” मला ते कौतुक वाटलं. काय म्हणावं!

तर बैठक. आमच्याकडे चर्चेनंतर मतदान होई, आणि त्याची पद्धत आम्हीच काढलेली. प्रत्येकाला एक शेंगदाणा आणि एक फुटाणा द्यायचा. ठराव पटला तर शेंगदाणा, नाही पटला तर फुटाणा, रुमालाखाली हात घालून तांब्यात टाकायचा. उरलेला दाणा तिथंच खाऊन टाकायचा, म्हणजे कुणी काय टाकलं त्याचा मागमूस राहत नाही. गुप्त मतदान, आणि पुरावा पोटात! या पद्धतीचा आम्हाला फार अभिमान होता. मोजायचं काम अध्यक्षाचं. समसमान झालं तर अध्यक्षाला एक जादा मत, असा नियम वकीलसाहेबांनी हौसेनं घालून ठेवला होता. अकरा माणसांत समसमान होणार कसं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

अजून मी मुद्द्यावर आलेलो नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. येतो.

आमच्यात सूर्यभानभाऊ होते. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, मूळचे दुसरबीडचे, आता इथंच विहाराच्या मागं घर बांधून राहिलेले. बोलायचे ते ठेठ वऱ्हाडीत, आणि त्याचा संकोच त्यांना कधी शिवलाही नाही. एका रविवारी त्यांनी मला दोनशेपानी वही दिली. “सर, तुमी शास्त्रातले मानूस. जरा पाहून घ्या, कुठी चुकलं काय.”

घरी जाऊन उघडली. आमच्या बैठकीत आम्ही जे जे म्हणून बोललो होतो, ते सगळं या माणसानं एसटीत बसवलं होतं — आणि वऱ्हाडीत. ‘गाडीचं इंजन बदललं, पत्रा बदलला, सीटा बदलल्या, त गाडी तेच का दुसरी? अन् दुसरी हाय त नंबर काऊन तोच?’ पुढच्या पानावर स्वातंत्र्य. ‘तिकीट मांगनं कंडक्टरचं काम हाय. दारात लटकनाऱ्याले अंदर घेनं बी त्याचंच काम हाय. पन खिडकीतून कोनं काय पाहाव, हे त्यानं सांगू नाई.’ व्यक्तिस्वातंत्र्यावर मी तोवर बैठकीत तीन व्याख्यानं दिली होती. ती तिन्ही या ओळींत मावत होती आणि वर उभ्यानं जाणाऱ्यांना जागा उरत होती.

मी मोठ्यानं हसलो. बायको आतून बघायला आली. मग वाचत गेलो, आणि वही संपेपर्यंत हसू कुठल्या कुठं गेलं. मला हेवा वाटला. दुसरा शब्द नाही त्याला. जे मला तोवरच्या एकोणीस वर्षांत शुद्ध मराठीत जमलं नाही ते एका कंडक्टरनं, मी घासून टाकलेल्या भाषेत, करून ठेवलं होतं. मग मी घासलं ते कशासाठी?

आठ दिवसांनी वही परत केली. “छान आहे, पण परिभाषा नाही,” म्हणालो. सूर्यभानभाऊंनी ते मनावर घेतलं. त्यांच्या मनात विहारात दर रविवारी संध्याकाळी अकरावी-बारावीच्या पोरांना या वहीतून शिकवायचं होतं. सतरंज्यासुद्धा सांगून ठेवल्या होत्या. पण तुम्ही परिभाषेचं म्हणता तर हे बैठकीसमोर ठेवू, म्हणाले. “बैठकीनं हो म्हतलं त शिकवतो. नाई म्हतलं त वही ठुन देतो. मत म्हंजे मत.” एक माणूस, एक मत — यावर त्या माणसाचा जेवढा विश्वास होता, तेवढा आमच्यातल्या कुणाचा देवावर नव्हता, आणि देवावर विश्वास असलेले आमच्यात पाच होते.

ठराव मांडला गेला: तत्त्वज्ञान वऱ्हाडीत सांगता येतं. मी विरोधात बोललो. फर्डा बोललो. संज्ञा, संकल्पना, अर्थाची काटेकोर मर्यादा — काय काय नाही आणलं! सूर्यभानभाऊ दहा मिनिटंच बोलले, आणि त्यात वकीलसाहेबांचा चहा दोनदा नाकात गेला.

मग तांब्या फिरला. सगळ्यांनी टाकलं, उरलेलं खाल्लं. तेवढ्यात पुन्हा चहा आला, सगळे कपांकडे वळले, आणि मी तांब्या टेबलाखाली मांडीवर ओतून दाणे मोजले.

सहा शेंगदाणे. पाच फुटाणे.

पुन्हा मोजले. तसेच. आता मी काय केलं — हं, सांगतो. मी एक शेंगदाणा उचलला आणि तोंडात टाकला. बस. सगळेच काहीतरी चघळत होते, माझ्याकडे कोण बघणार? माझ्या वाटचा शेंगदाणा मी आधीच खाल्ला होता, हा दुसरा. खारा होता. एका माणसाचं मत मी चावून खाल्लं, आणि वर चहा प्यायलो.

उरले पाच-पाच. मग मी उठून उभा राहिलो आणि अत्यंत जड अंतःकरणानं — हे जड अंतःकरण मला फार छान जमतं — जाहीर केलं, की समसमान झालेलं आहे, आणि अशा वेळी अध्यक्षानं आहे ते कायम ठेवण्याच्या बाजूनं जावं असा संकेत असल्यामुळे माझं जादा मत ठरावाच्या विरोधात. वकीलसाहेबांचा नियम पहिल्यांदाच कामी आला होता, त्यामुळे ते इतके खुश झाले की त्यांनी टाळी वाजवली. आणि टाळी वाजवता वाजवता थांबले. “अकरा जण आहोत ना आपण?”

घाम फुटला म्हणतात तो मला तेव्हा कळला. पण तर्कशास्त्राचा मास्तर मी! म्हणालो, कुणीतरी तटस्थ राहिलं असेल, दोन्ही दाणे खाल्ले असतील. तटस्थ राहणं हाही नागरिकाचा हक्क आहे, आणि ते कोण हे विचारणं उदारमतवादात बसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सूर्यभानभाऊंनी सगळ्यांत आधी.

पुढचे तीन रविवार काय झालं असेल? ‘तटस्थता हे मत आहे का’ यावर बैठक जुंपली. डॉक्टर म्हणाले, नसलेला दाणाही एका अर्थी आहेच, कारण त्याचं नसणं आपल्याला जाणवतं. एक मास्तर म्हणाले, मग तो कुठं आहे ते दाखवा. मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून दोघांना वेळ वाटून देत होतो. तिसऱ्या रविवारी तर वकीलसाहेब उठले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, “तो तटस्थ माणूस मी होतो.” मी थक्क. त्या खोलीत तटस्थ कुणीच नव्हता हे फक्त मला ठाऊक, आणि हा गृहस्थ सर्वांसमोर, माझ्या पापावर स्वतःचं मोठेपण उभं करत होता! मी त्यांना खोटं कसं पाडणार? सूर्यभानभाऊ उठले, त्यांचा हात हातात घेतला. “वकीलसाहेब, तुमी निदान इरोधात त नोते.”

वही त्यांनी खरंच ठेवून दिली. विहारातल्या सतरंज्यांवर दुसरेच कार्यक्रम झाले. बैठकीला ते येतात अजून, पण आता प्रमाण भाषेत बोलायला बघतात. ‘मला असे वाटते की’ म्हणतात आणि पुढं अडखळतात. मग हसून खाली बसतात, आणि ऐकतात. सात वर्षं झाली. त्यांना अडखळताना पाहिलं की मला लाज वाटते. इतकी वाटते, की मी लगेच दुसऱ्या कुणाला बोलायला सांगतो.

या वर्षी त्यांची नात माझ्या वर्गात आली. हुशार पोरगी. एका गोष्टीवर अडली होती: ‘सर्व क हे ख आहेत’ यावरून ‘सर्व ख हे क आहेत’ असं का म्हणता येत नाही? मी तीन वेळा वर्तुळं काढली. चौथ्यांदा तोंडातून निघून गेलं: एसटीत सगळे पासवाले पुढं बसतात, म्हणून पुढं बसलेला प्रत्येक जण पासवाला असतो का? तसं धरलं तर फुकटे सगळे पुढंच बसतील! वर्ग हसला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हसला. पोरीनं ते वहीत उतरवून घेतलं आणि पुढं कंसात माझं नाव लिहिलं. मला दिसलं ते. मी बाकाशेजारीच उभा होतो.

उदाहरण त्या दोनशेपानी वहीतलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटायच्या वेळी सूर्यभानभाऊ फाटकाशी उभे. मला वाटलं, झालं, आता हा माणूस विचारणार. तयारी केली मनाची — खरंच केली. पण ते तर हसत होते. डोळ्यांत पाणी होतं. “सर, नातीनं वही दाखोली. माह्यं पासवाल्याचं तुमी ध्यानात ठुलं.” मग लाजत म्हणाले, “म्हंजे... त्यातलं एखांदं त बरं होतं ना?”

आणि मी म्हणालो, “हो. एखादं होतं.”

ते खुश होऊन घरी गेले. ती वही मी आठ दिवसांत दोनदा वाचली होती. तिच्यातलं एकही उदाहरण वाईट नव्हतं.