बिनतिकिटाचं बी

कंडक्टरबाईंचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेलं. चढल्या चढल्या डोळे मिटून घोरायला लागणारा बिनतिकीट असतो, आणि "काय बाई, बरं आहे ना?" असं आपणहून विचारणारा तर हमखास असतो, हे शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळत नाही. निवृत्त झाल्या तेव्हा गणवेश गेला, पैशांची पिशवी गेली. नजर जमा करून घ्यायला मात्र डेपोत खिडकीच नव्हती.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच गोष्ट स्वतःसाठी राखली. सकाळी उठायचं, गावामागच्या राखीव जंगलातली पायवाट चढायची आणि वरच्या पठारावर जाऊन बसायचं. तिथे कुणी हॉर्न वाजवत नसे, कुणी सुट्ट्यांवरून हुज्जत घालत नसे. गुडघे कुरकुरले तर त्यांनाही बाई दटावत, "पुढे चला, पुढे चला."

याच वाटेवर वर्षातून एकदा डोंगरशर्यत व्हायची. भरवणारा दातांचा डॉक्टर. मऊ बोलायचा आणि दर दोन वाक्यांत 'निसर्ग' घालायचा. बाईंनी पहिल्याच भेटीत निकाल देऊन टाकला होता: माणूस इतका गोड म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि मुरलंच. गेल्या शर्यतीनंतर पठाराखालच्या चढावर, वाटेच्या दोन्ही कडांना चिकट्या उगवला. हे तण दिसायला गोजिरवाणं, पिवळ्या फुलांचं. पण त्याच्या बीला आकडे असतात, आणि एकदा रुजलं की ते शेजारी गवताची काडी उरू देत नाही. हरणं त्याला तोंड लावत नाहीत. जंगलखात्याच्या गार्डने ते उपटलं आणि सगळ्यांना बजावलं, "यंदा हे पसरलं तर पठार बंद. शर्यतीला बंद, फिरणाऱ्यांना बंद, सगळ्यांना बंद."

सगळ्यांना म्हणजे बाईंनाही. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

वाचनालयाच्या हॉलमध्ये बैठक झाली तेव्हा त्या बोलायची परवानगी मागत बसल्या नाहीत. "गावोगावची माती बुटाला लावून ही मंडळी येणार, आमच्या डोंगरावर बी झटकणार, फोटो काढून जाणार. आणि पठार बंद कुणाला? आम्हाला! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

डॉक्टर शांतपणे म्हणाला, "मग तुम्हीच उभ्या राहा फाटकावर. तुम्ही अडवाल तो धावणार नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. आपलं तोंड बंद करायची ही युक्ती आहे, हे बाईंनी ओळखलं. म्हणूनच ती जागा त्यांनी घेतली.

शर्यतीच्या सकाळी फाटकाशी एक बाकडं, पाण्याचं घमेलं, ताठ केसांचे ब्रश आणि एक चिमटा एवढा संसार मांडून बाई उभ्या राहिल्या. डॉक्टरने यंदा कागदी पेलेसुद्धा बंद केले होते, ज्याने त्याने आपला पेला आणायचा. बाईंनी आधी त्याच्या गाडीची डिकी उघडायला लावली. आत खरोखरच पेले नव्हते. त्यांचा संशय त्यामुळे वाढलाच.

"पाय वर," त्यांनी पहिल्या पोराला सांगितलं.

"मावशी, मी गेल्या वर्षी पहिला आलो होतो."

"मग पायही पहिला तूच वर कर."

"बूट कोरे आहेत हो!"

"बूट कोरे. आणि मोजे? आजोबांचे?" बाईंनी मोज्याच्या काठातून चिमट्याने एक कुसळ ओढलं. "हे काय, दागिना?"

रांगेत खसखस पिकली. मागची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "आमच्या कॉलेजातल्या मॅडमपेक्षा कडक आहेत."

"त्या नुसत्या नापास करतात. मी खाली उतरवते," बाई मान न वळवता म्हणाल्या. मग डॉक्टरकडे वळल्या. "तुम्ही काय बघत उभे? लोकांच्या दातातलं काढता ना? बसा, स्वतःच्या बुटातलं काढा." डॉक्टर निमूट बसला.

रांग सरली. धावणारे शिटीची वाट पाहत पाय झटकत उभे राहिले. बाई घमेल्यावर वाकल्या. चिखल होता, खडे होते, चारदोन कुसळं होती. चिकट्याचं एकही बी नव्हतं.

हे काही त्यांना पटेना. भरलेल्या बसमध्ये सगळेच्या सगळे तिकीटवाले? अख्ख्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. यांनी घरूनच बूट धुऊन आणले असणार. बरं, यंदा आणले. पण गेल्या वर्षी?

"अरे," त्यांनी गार्डला हाक मारली, "गेल्या खेपेला खालच्या वाटेवर किती रोपं सापडली?"

"खाली? एकही नाही. सगळी चढावर."

"पाय तर खालूनच वर गेले ना? मग बी काय उडत गेलं?"

गार्डने खांदे उडवले. तेवढ्यात गाड्यांसाठीच्या मागच्या फाटकाकडून ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली, तशा बाई तिकडे गेल्या.

बाईंचा धाकटा भाऊ आला होता. ट्रॉलीत पेंढा, वर दोरी आवळलेली. चढावर कायम चिखल असायचा. धावणारे तो टाळायला कडेने जायचे आणि वाट रुंदावून गवत तुडवायचे. वाटेवर पांघरूण घातल्याशिवाय चढावर पाऊल टाकू देणार नाही, अशी गार्डची अट होती. गेल्या वर्षी डॉक्टर तिथे प्लास्टिकच्या चटया अंथरणार होता. बाईंनी त्याची भर रस्त्यात हजेरी घेतली होती: "प्लास्टिक? जंगलात? पेंढा टाका, कुजून माती होईल!" पेंढा भावाच्या गोठ्यातून आला. ही अक्कल आपली, हे बाई वर्षभर भाजीवालीपासून डेपो मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ऐकवत होत्या.

"ताई, उघड फाटक. उशीर झालाय."

गेल्या वर्षी त्यांनीच उघडलं होतं, ऐटीत. आज हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला.

"कुठल्या शेतातला रे हा?"

"ओढ्याकडचा. का? आता पेंढ्याचंही तिकीट का?"

बाई ट्रॉलीशी गेल्या आणि कोपरापर्यंत हात पेंढ्यात खुपसला. बाहेर काढला तेव्हा बाहीला मनगटापासून वरपर्यंत बी लटकलं होतं. आकड्यांचं, तपकिरी. चिकट्याचं.

पहिला विचार आला तो हाच, की डॉक्टरने कुणाकडून तरी हे मिसळून घेतलं असेल. मग त्यांना स्वतःचीच चीड आली. ओढ्याकडच्या शेताला डॉक्टरने कधी पाहिलंही नसेल. सगळ्या प्रवाशांच्या खिशात हात घालून झाले, आणि ड्रायव्हरशेजारी बसलेल्या त्याच्या पाहुण्याला कुणी हटकलं नाही. का, तर तो आपला. आपला तो बाब्या.

भावाने बाहीकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "कुणी बघितलं नाही. झटक आणि उघड. एवढं नाव कमावलंस, आता आपल्या हाताने तोंडाला काळं फासून घेतेस?"

"झटकू कुठे? इथेच?"

"ताई, डोकं फिरवू नकोस. बोट माझ्या गोठ्याकडे जाईल."

डॉक्टर गळ्यातली शिटी आणि हातातला भोंगा सावरत येत होता. मागून गार्ड. बाई दोघांना दिसेल अशी बाही पुढे धरून उभ्या राहिल्या.

"गेल्या वर्षीचं बी बुटातून नाही आलं. पेंढ्यातून आलं. माझ्या."

आता याला उकळ्या फुटणार, म्हणून त्या डॉक्टरच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. पण त्याचं तोंड उतरलं. त्याने गार्डकडे पाहिलं. गार्ड म्हणाला, "हा पेंढा आत जाणार नाही. आणि पेंढ्याशिवाय चढावर पाऊल नाही."

"अहो, पठारच नाही तर शर्यत कसली? लोक किती लांबून आलेत." डॉक्टरने पेंढ्याची एक काडी उचलली. "वरचा वरचा जरा निवडून घेतला तर..."

"आलात ना मूळ पदावर!" बाई गरजल्या. "एवढा वेळ निसर्ग निसर्ग करत होता!"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. काडी त्याने ट्रॉलीत परत ठेवली. "ठीक आहे. चढाच्या अलीकडच्या वळणावरून मागे फिरायचं. पण हे त्यांना सांगणार कोण? मला फाडून खातील."

"द्या तो भोंगा."

भोंग्याची तशी गरजही नव्हती. "ऐका! यंदा पठारापर्यंत जायचं नाही! वळणावरून परत!"

एकच गलका झाला. "का? आमची काय चूक?" कुणीतरी ओरडलं.

चिखल आहे, एवढं सांगून भागलं असतं. तो शब्द बाईंच्या जिभेवर आलाही होता. समोर भाऊ मान हलवून नाही म्हणत होता.

"तुमची नाही. चूक माझी. पेंढ्यात तण होतं, आणि पेंढा मी आणवला होता. गेल्या वर्षीही!"

 गेल्या वर्षी पहिला आलेला पोरगा गर्दीतून ओरडला, "मावशी, आता तुमचे मोजे दाखवा!"

हसण्याचा फुगा फुटला. बाईंचं डोकं तापलं, तोंडात शिवी आली, ती त्यांनी गिळली आणि बाही उंच करून सगळ्यांना दाखवली. भावाने ट्रॅक्टर वळवला. जाताना त्याने बहिणीकडे बघितलंही नाही.

गेल्या वर्षीचं बी अजून मातीत होतंच. "उगवेल तसं उपटत राहा," गार्डने सांगितलं, "एकालाही फूल येऊ दिलंत तर पठार बंद." दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पोतं घेऊन चढावर गेल्या, तर डॉक्टर आधीच गुडघे टेकून कोवळी रोपं काढत बसलेला. बाईंनी आधी झाडांमागे डोकावून पाहिलं.

"काय शोधताय?"

"फोटोवाला."

"कुणी नाही. एकटाच आलोय."

"कशाला?"

"मलाही पठार हवंय, बाई."

बाईंनी हे उत्तर मनात उलटंपालटं करून पाहिलं. खोट सापडेना. ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

"वरवर ओरबाडू नका, मुळासकट काढा," त्या खाली बसत म्हणाल्या. दोघांनी मिळून अर्धं पोतं भरलं. मग त्यांनी मागे न बघताच सांगितलं, "आणि माझ्यामागून या. माझ्या नजरेतून काही सुटलं असेल तर तेही काढा. पण सापडलं म्हणून बोंबलत सुटू नका."