बावीस घरं

जळगावच्या एका छापखान्यात अभिमन उदबत्तीच्या पुड्यांवरच्या आणि विड्यांच्या बंडलांवरच्या चित्रांचे लाकडी ठसे कोरायचा. हात असा बसलेला, की बैलाच्या पापणीचा केसही चुकायचा नाही. सुटीच्या दिवशी मात्र तो स्वतःसाठी कोरी. डोंगर, केळीच्या बागा, नदीचं कोरडं पात्र.

१९८६ साली पहूरजवळच्या त्याच्या गावच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. समितीचे प्रमुख शालिग्रामनाना स्वतः छापखान्यात आले. पाहुण्यांना भेट द्यायला गावाचं चित्र हवं होतं. दोन महिने खपून अभिमनने शिसवी ठोकळ्यावर अख्खं गाव उतरवलं. देऊळ, शाळा, नदी आणि नदीच्या अलीकडे बौद्धवस्तीची बावीस घरं. त्यातलं एक त्याच्या आईचं.

पहिला छाप नानांनी उजेडात धरला. "झकास झालंय. फक्त ही खालची घरं काढून टाक."

"नाना, तिथं घरं आहेत."

"आहेत रे. पण अगदी पुढ्यात येतात. मोकळं रान दाखव."

अभिमनने मालकाकडे पाहिलं. "दहा मिनिटांचं काम, देऊन टाक करून," मालक म्हणाला.

काम खरंच तेवढंच होतं. ठशात लाकूड जिथं जातं तिथं कागद कोरा राहतो, आणि गेलेलं लाकूड परत बसत नाही. कोरणी त्यानेच चालवली. मग दोनशे प्रती काढल्या.

समारंभात शाल मिळाली. एक प्रत घेऊन तो आईकडे गेला. द्रौपदाबाईने चित्रावर बोट फिरवलं. देऊळ सापडलं, नदीतला धोंडासुद्धा सापडला.

"आपलं घर कुठं हाये रे याच्यात?"

शेजारचा चुडामण दारात उभा होता. तो म्हणाला, "नानाला आपण दिसत नाही, हे ठाऊक आहे. तुला पण नाही दिसलो?"

"आधी कोरली होती सगळी घरं."

"मग तर जास्तच वाईट."

जयंतीचं पत्रक नऊ वर्षं अभिमनच कोरून द्यायचा. पुढच्या वर्षी वस्तीने ते भुसावळहून छापून आणलं. त्यातल्या चित्राची डावी बाजू पुसट उठली होती. ते फक्त त्याच्याच लक्षात आलं, आणि सांगायची सोय उरली नव्हती.