ताठ उभं राहण्यापुरता तंबू

ऑफिसच्या दारापासून स्वतःच्या खुर्चीपर्यंत पोहोचायला मनोराताईंना सात वेळा वाकावं लागे. नगरपालिकेची रेकॉर्ड रूम तळघरात, आणि तळघराच्या छताखालून पाण्याचे पाइप गेलेले. बाकीच्यांना ते पाइप आहेत हे ठाऊकही नव्हतं. मनोराताईंचं कपाळ मात्र त्या सगळ्यांना जातीनं ओळखत होतं. तिसरा पाइप जरा जास्तच दुष्ट, म्हणून त्याला त्यांनी घरून आणलेली जुनी उशी सुतळीनं बांधली होती.

उंची सहा फूट एक इंच. शाळेत कुणीतरी 'मनोरा' म्हणालं, ते चिकटलं ते चिकटलंच. नोकरीत त्याला 'ताई' जोडलं गेलं, एवढाच काय तो मान. वर्गाच्या फोटोत गुडघे दुमडून, बसमध्ये मान तिरकी करून, ओट्याशी कमरेत मोडून त्या पन्नाशीला आल्या होत्या. लग्नाचं बघत होते तेव्हा एक मावशी म्हणाल्या होत्या, "मुलगी लाखात एक हो, पण खालून चार बोटं दुमडून शिवता आली असती तर!" जणू पोरगी नव्हे, खिडकीचा पडदाच.

नवरा मिळाला तो याच तळघरात. तो शिड्या बनवायचा. वरच्या फळीवरच्या फायली काढायला ऑफिसनं शिडी मागवली होती. तो ती खांद्यावरून घेऊन आला, आणि बघतो तर एक बाई नुसता हात वर करून सगळ्यात वरची फाईल काढतेय.

"मग मला कशाला बोलावलंत?" तो म्हणाला. स्वतः पाच फूट तीन इंच.

"माझी रजा असते ना कधीकधी," मनोराताई म्हणाल्या.

तीन महिन्यांत लग्न झालं. शिडी अजून तशीच कोपऱ्यात उभी आहे.

शिडीवाल्यांना एकच वेड होतं, रानात जाऊन तंबूत राहायचं. त्यांचा तंबू म्हणजे कासवाची पाठ. ते त्यात ऐसपैस मावायचे. मनोराताई मात्र हातपाय दुमडून, आवळून, कशाबशा. वीस वर्षं त्यांनी हूं की चूं केलं नाही. पण मागच्या थंडीत एका पहाटे, दातावर दात वाजत असताना, आडवं पडून पँट चढवता चढवता त्यांचा पाय तंबूचं कापड फाडून थेट बाहेर गेला. शेजारच्या तंबूतले लोक चहा पीत बसले होते. त्यांना दिसला तो फक्त एक पाय, गुडघ्यापर्यंत, हवेत सायकल चालवणारा.

मनोराताई बाहेर आल्या त्या जाहीरनामा घेऊनच. "हे बघा, यापुढे मला उभं राहून, उबेत, स्वेटर घालता आला तरच मी येणार. नाहीतर तुम्ही जा तुमच्या कासवात एकटे."

शिडीवाले आणि एकटे! हा माणूस कोपऱ्यावर खिळे आणायला जातानासुद्धा "येतेस का गं?" विचारणारा. पुढं वर्षभर त्यांनी तंबू शोधले. बहीण फोनवर हसायची, "दादा, वहिनीसाठी तंबू कसला बघतोस, सर्कशीचा मंडप बघ!"

आणि एके दिवशी त्यांना सापडला टिपी नावाचा तंबू. शंकूसारखा उंच, आत छोटी लोखंडी शेगडी ठेवायची सोय, शेगडीचं धुराडं कापडातल्या खास छिद्रातून बाहेर. उंची नऊ फूट! त्यांनी बायकोला स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावले आणि बोटांच्या टोकाशी पेन्सिलीची खूण केली. सात फूट दहा इंच.

"चौदा इंच शिल्लक!" ते नाचलेच. "आत पतंग उडव!"

शनिवारी दोघं दुकानात गेले. मनोराताईंच्या पिशवीत स्वेटर होता. परीक्षा म्हणजे परीक्षा. वरच्या मजल्यावर हिरव्या गालिच्यावर सात-आठ तंबू उभे होते, आणि मधोमध टिपी. विक्रेतीनं सगळं नीट सांगितलं, "शेगडी कापडापासून चांगली लांब ठेवायची, वरचा झरोका कायम उघडा, आणि आग पूर्ण विझवल्याशिवाय झोपायचं नाही."

मनोराताई आत शिरल्या, मधोमध गेल्या, उभ्या राहिल्या.

"कसं वाटतंय?" बाहेरून अधीर आवाज आला.

"उभी आहे. पण नाकाला खांब लागतोय."

खांब! टिपीचा एकुलता एक खांब बरोब्बर मधोमध, जिथे उंची होती तिथेच. एक पाऊल बाजूला सरकलं की डोकं उतरत्या कापडात. मनोराताईंनी तरीही स्वेटर घालून पाहिला, आणि एका बाहीत स्वतःचा हात नि दुसऱ्या बाहीत खांब अशा अवस्थेत त्या अडकल्या.

"अहो, मी खांबाशी लग्न लावून बसलेय! सोडवा!"

विक्रेतीनं तोंडावर हात धरला. शिडीवाले मात्र हसले नाहीत. वर्षभराची मेहनत त्या खांबावर आपटून फुटली होती. त्यांनी बायकोला सोडवलं, कानामागची पेन्सिल काढली, खांबाकडे खालून वर पाहिलं.

"हा मधे कशाला?"

"सर, टिपीला मधेच असतो."

"शिडीला असतो का कधी मधे पाय? मी तिसेक वर्षं शिड्या करतोय. दोन पाय फाकवायचे, वर एकत्र बांधायचे. मधली जागा मोकळी!" बोलता बोलता ते शेजारच्या तंबूचा खांब उपसायला लागलेसुद्धा. "आणि तिरक्या पायाला लांबी जास्त लागते, बाई. ते विसरलं की शिडी बसते आणि गिऱ्हाईकही बसतं."

शेजारचा तंबू उसासा टाकून खाली बसला. त्याच्या आत हसतमुख पुतळ्यांचं एक जोडपं होतं, ते सहकुटुंब कापडाखाली गेलं.

"थांबा! थांबा हो सर!" विक्रेती धावत आत गेली आणि धूळ खात पडलेला एक खोका घेऊन आली. "दोन खांब वर जोडायचं काहीतरी येतं. दोन वर्षांत कुणी मागितलंच नाही. कशाला लागतं तेच आम्हाला कळत नव्हतं!"

शिडीवाल्यांनी खोक्यातली जोडणी उलटसुलट करून पाहिली. "माझ्यासारखी नाही," ते म्हणाले, "पण चालेल."

शेजारून उपसलेला खांब जोडीला घेऊन, दोन्ही ओढून लांब करून, दहा मिनिटांत त्यांनी टिपी दोन पायांवर उभा केला. मनोराताई पुन्हा आत गेल्या. मधोमध उभ्या राहिल्या. आधी मान सरळ केली, मग खांदे, मग पाठ. पाठीचा एकेक मणका कुरकुरत जागेवर आला. त्यांनी स्वेटर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात वर फेकले, कोपरं फिरवली. कशालाही काही लागलं नाही.

त्यांनी स्वेटर काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. स्वतःभोवती एक गिरकी घेतली. मग, पन्नाशीच्या बाईनं, रेकॉर्ड रूमच्या प्रमुखानं, टुणकन उडी मारली.

"ताई, उड्या नको!" विक्रेती ओरडली. मनोराताईंनी आणखी एक मारली.

"अगं, झालं का? बाहेर ये की!"

"नाही येत!"

दाराचं कापड ठेंगणं होतं. बाहेर पडायचं म्हणजे पुन्हा वाकायचं, आणि मनोराताईंचा आज कुणासमोरही वाकायचा विचार नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर बघे जमले. शेवटी शिडीवालेच आत गेले. त्यांना वाकावंसुद्धा लागलं नाही.

आत आल्यावर त्यांनी मान वर केली. मग आणखी वर केली. बावीस वर्षांत इतकी कधी करावी लागली नव्हती.

"बाप रे," ते म्हणाले, "एवढी आहेस तू?"

मनोराताई वरून त्यांच्याकडे पाहत होत्या. केस विस्कटलेले, स्वेटर उलटा, चेहरा लालबुंद.

"मग, येत्या शुक्रवारी रानात किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.